खंडेनवमीची दुनळी

मला रिव्हॉल्व्हर हवं होतं. हे लिहितानाच कान गरम होतात, पण सुरुवात तिथूनच आहे. वय चव्वेचाळीस, पोट सुटलेलं, नोकरी दिवसभर स्क्रीनसमोर बसून दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायची, आणि मनात काय, तर कमरेला रिव्हॉल्व्हर. दिवाळीत टिकल्या फोडायचं पत्र्याचं पिस्तूल मिळायचं ना, त्याच्या पुढे माझी अक्कल कधी गेलीच नाही.

खूळ डोक्यात भरलं ते शेजाऱ्यांमुळे. इथे परदेशात, नास नावाच्या गावातल्या आमच्या वसाहतीच्या टोकाला एक जुनं बैठं घर आहे. तिथे सत्तरीचे एक गृहस्थ एकटे राहतात. सगळं आयुष्य घोड्यांच्या तबेल्यांवर गेलेलं, बोलणं मोजकं. रविवारी सकाळी लांब रेनकोट घालून ते कुठे जातात, हे एकदा मी कुंपणावरून विचारलं, तर म्हणाले, "ये की. कळेल." ते मला क्लबच्या रेंजवर घेऊन गेले. तिथे मशीन मातीच्या तबकड्या हवेत फेकतं आणि आपण त्या बंदुकीने फोडायच्या. त्या दिवशी माझ्याकडून एकच फुटली, पण ती फुटल्याचा आवाज आठवडाभर डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी मी त्यांना सांगून टाकलं, मला स्वतःचं हत्यार घ्यायचंय.

दुकान गावाबाहेर होतं. पुढे गमबूट, कुत्र्यांचं खाणं, लोकरी मोजे, आणि मागच्या खोलीत बंदुका. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी हवंय?" उत्तर मी घरी आरशासमोर पाठ करून गेलो होतो. "रेंजवर सरावासाठी आणि कधीमधी शिकारीला. रिव्हॉल्व्हर बघतोय."

शेजारी तेव्हा मोजे बघत होते. ते बघतच राहिले.

"रिव्हॉल्व्हरने शिकार? कशाची?" दुकानदाराने अगदी शांतपणे विचारलं.

"ससे वगैरे," मी म्हणालो.

तो हसला असता तर परवडलं असतं. डॉक्टर पथ्य सांगतात त्या सुरात त्याने मला सांगितलं की इथे रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळणं महाकठीण, तोही मिळाला तर रेंजवरच्या नेमबाजीसाठी, आणि ससा मारायला तर कुणी ते देणार नाही. मी मान हलवत होतो. ससे वगैरे! आमच्या घरात उंदीर निघाला तेव्हा मी त्याला पिंजऱ्यातून नेऊन कालव्याकाठी सोडून आलो होतो, आणि परत येताना वाईट वाटत होतं की आता हा खाणार काय. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसा मी त्या दुकानात उभा होतो.

शेवटी शेजारीच पुढे आले. म्हणाले, याला दुनळी दाखव, साधी. त्यांनी मला डोळे मिटायला लावले. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडून बघायचं, नळीच्या टोकाचा मणी आपण जिथे बघतोय तिथे आहे का. पहिली बंदूक लांब पडली, दस्ता जाकिटात अडकला. दुसरीवर चांदीसारख्या पत्र्यात उडते पक्षी कोरलेले होते. ती माझ्या हातातून सुटेना. शेजारी म्हणाले, "ती भिंतीवर टांगायची." तिसरी दिसायला काळीसावळी, कुणीतरी घेऊन न वापरता परत दिलेली, पण खांद्याला लागली ती तिथेच बसली. एकच खोट होती, उघडायला फार घट्ट. काडतूस भरायला ही बंदूक मधोमध मोडून उघडावी लागते, आणि मला तर ती गुडघ्यावर दाबूनच उघडता आली.

"सैल होईल काही वर्षांत," दुकानदार म्हणाला.

"घट्टच बरी," शेजारी म्हणाले. "उघडी आहे की बंद, हे विसरायचा नाहीस."

परवान्यासाठी तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांनी तुमची खात्री द्यावी लागते. एक माझी मॅनेजर झाली, दुसरे हे शेजारी. गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, त्यांना फोन केला. काय विचारलं, असं मी फाटकापाशी विचारलं तर ते म्हणाले, "फार काही नाही. मी म्हटलं, हा माणूस जे बोलतो ते तसंच असतं. एवढंच म्हटलं."

मी किती दिवस हवेत होतो! ऑफिसात सांगितलं, बायकोला सांगितलं, आईला फोनवर दोनदा सांगितलं. खरं म्हणजे ते माझ्याबद्दल खरं नव्हतंच. हिवाळ्यात ते मला एकदा फेझंट मारायला घेऊन गेले. पायाखालून तो पक्षी फडफडत उठला आणि मी बंदूक धरून नुसता बघत राहिलो, चापाला बोटसुद्धा लागलं नाही. सोमवारी ऑफिसात मी सांगितलं की थोडक्यात हुकला. तेव्हा त्याची लाज वाटली नव्हती, तेवढं तर सगळेच वाढवून सांगतात. पण त्यांनी दिलेला शब्द मला फार आवडत होता, आणि तो आपल्याला शोभतो असं मी धरून चाललो होतो.

बंदुकीसाठी पोलादी तिजोरी भिंतीत बोल्टने पक्की करावी लागते. आमच्या घराच्या आतल्या भिंती पोकळ, टकटक केलं की ढबढब वाजणाऱ्या. पक्की भिंत सापडली ती जिन्याखालच्या प्रेसमध्ये. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि त्या प्रेसमध्ये बायकोने देव मांडले होते.

"देवाच्या शेजारी बंदूक?" ती म्हणाली.

"देवांच्या हातात काय नुसती फुलंच आहेत?" मी म्हणालो. तोंड फार चालतं माझं.

तर तिजोरी देवांच्या शेजारी बसली. तिची किल्ली माझ्याखेरीज कुणाच्या हाती जाता कामा नये, काडतुसं वेगळ्या पेटीत कुलपात, आणि बंदूक कुणाला दाखवायची तर उघडी करून, आत काही नाही हे आधी डोळ्यांनी बघून. हे तीन नियम शेजाऱ्यांनी मला इतक्या वेळा म्हणायला लावले होते की माझ्या मुलीलाही पाठ झाले होते. ती तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच देते, तेही इथल्या हेलात. मी बंदूक पुसायला काढली की ती म्हणायची, "बाबा, रूल नंबर थ्री," आणि मी बंदूक उघडून तिला दाखवायचो.

पुढच्या वर्षी तिकडचा पावसाळा संपता संपता आई आली. आमचं मूळ कराडकडचं. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, आणि खंडेनवमीला डेपोत त्यांचे पाने, हातोडे, जॅक धुऊनपुसून मांडलेले असायचे, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, बसच्या तोंडाला ऊस. वडील गेल्यावरही आईने त्यांचा एक पाना ठेवलाय, दर वर्षी त्याची पूजा करते. आल्या दिवशी देवाला नमस्कार करायला ती प्रेसमध्ये वाकली आणि तिजोरी बघून म्हणाली, "ह्यात हाय व्हय ते? मग औंदा खंडेनवमी जोरात करू. घरात हत्यार हाय, आनि त्याची पूजा न्हाई असं व्हतंय का?"

व्हतंय, असं मी म्हणायला हवं होतं. पण मलाच गुदगुल्या झाल्या. दर वर्षी आम्ही सगळे लॅपटॉपला हळदकुंकू लावायचो. यंदा माझ्या घरी खरं शस्त्र होतं.

इथे सण तिथीला येत नाहीत, वीकेंडला येतात. म्हणून खंडेनवमी आमच्याकडे शनिवारी आली. चार घरची माणसं बोलावली. जवळच्याच टॅला गावाहून एक मित्र सहकुटुंब आला, बाकीचे नासमधलेच. शेजाऱ्यांनाही बोलावलं होतं, कारण माझी पूजा त्यांना दाखवायची होती. ते म्हणाले होते, जरा उशिरा येईन. टीपॉयवर आईची पैठणी अंथरली, त्यावर मधोमध दुनळी. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला मित्राच्या बायकोचा स्टेथोस्कोप, ती नर्स आहे, आणि मुलीची कॅमोगीची, म्हणजे हॉकीसारख्या इथल्या खेळाची, काठी. झेंडू मिळाला नाही, सुपरमार्केटातली पिवळी शेवंती वाहिली. आई म्हणाली, "दोन काडतुसं बी ठेव की ताटलीत. डेपोत डिझेलची किटली सुदिक ठेवायचे." मी पेटी उघडून दोन काढली. लाल, बुडाशी पितळ, सुपारीशेजारी छान दिसत होती.

"भरतात कशी, दाखव ना," टॅलाचा मित्र म्हणाला.

मी बंदूक उचलली, गुडघ्यावर दाबून उघडली, एक काडतूस नळीत सरकवलं, म्हणालो, "असं." आणि बंद केली. तो खटका ऐकून सगळे "ओहो" म्हणाले. ते "ओहो" मला अजून ऐकू येतं. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "आरतीचं ताट झालंय, चला रं सगळी." मी बंदूक पैठणीवर ठेवली, शेवंतीचं फूल सरळ केलं आणि आरतीला उभा राहिलो.

बस, एवढंच झालं. विसरलो.

आरती झाली, प्रसाद झाला, फोटो सुरू झाले. एकेक जण बंदूक हातात घेऊन उभा राहायचा. मी कौतुकाने बघत होतो, वर सांगत होतो, कोपर जरा वर घे. टॅलाच्या मित्राने ती खांद्याला लावली आणि खिडकीकडे रोखली. खिडकीपाशी माझी मुलगी पोहे वाढत होती.

शेजारी दारातून आत आले ते नेमके तेव्हा. हातात अ‍ॅपल टार्टचं ताट. त्यांनी ते ताट सरळ एका लॅपटॉपवर ठेवलं, दोन ढांगांत मित्रापाशी गेले, एका हाताने नळी छताकडे उचलली आणि दुसऱ्या हाताने बंदूक काढून घेतली. कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी ती उघडली, आणि नळीच्या मागच्या तोंडाशी ते लाल काडतूस वर आलं.

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मित्र सोफ्यावर बसला आणि स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला.

शेजाऱ्यांनी काडतूस तळहातावर घेतलं आणि मला विचारलं, "हे कुणी भरलं?"

अख्ख्या खोलीने मला ते भरताना पाहिलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ताटलीत उरलेल्या दुसऱ्या काडतुसाकडे बघत राहिलो.

"काय म्हनत्यात ते?" आईने विचारलं.

"कुणी भरलं, विचारतायत."

आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "मी घातलं म्हनून सांग. रिकाम्या हत्याराची पूजा करत न्हाईत, म्हनून घातलं म्हनावं. म्हातारीला कळलं न्हाई."

खोलीतल्या प्रत्येक माणसाला ते कळलं. मराठी न कळणारा तिथे एकच होता, आणि त्याला मी सांगायचं होतं. मी त्यांच्याकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, "आई म्हणतेय तिनेच ठेवलं. पूजेसाठी. तिला कल्पना नव्हती."

नर्स वहिनींनी मान खाली घातली. माझी मुलगी पोह्यांची डिश हातात धरून माझ्याकडे बघत होती, आणि मग ती डिश खाली ठेवून वर निघून गेली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण मेलो नाही, तसाच उभा राहिलो.

शेजारी आईजवळ गेले. म्हणाले, "काळजी करू नका, मिसेस, कुणाला काही झालं नाही, यू'र ग्रँड." आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. आईला संधिवात आहे. बोटं गाठाळलेली, वाकडी, बरणीचं झाकणसुद्धा ती मला उघडायला देते. शेजाऱ्यांनी ती बोटं बघितली. मग हातातल्या त्या घट्ट बंदुकीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"तुझी आई ताकदीची आहे," ते म्हणाले.

त्यांनी बंदूक उघडीच माझ्या हातात दिली, मी ती तिजोरीत ठेवून कुलूप लावेपर्यंत प्रेसच्या दाराशी उभे राहिले, आणि निघून गेले. टार्ट लॅपटॉपवर तसंच राहिलं. पाहुणेही लवकर उठले. एरवी आमच्याकडे निघताना दारात अर्धा तास गप्पा होतात, त्या दिवशी सगळ्यांना बूट पटकन सापडले. बायको एकच वाक्य बोलली, "हात दाखवून अवलक्षण." तेही हळू, भांडी उचलता उचलता. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

आई पैठणीची घडी घालत होती. पैठणीवर हळद सांडली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि उगाच म्हणालो, "आई, तू कशाला मधे पडलीस?"

"तुझी अब्रू जाऊ नये म्हनून. ते तुझ्यासाठी बोललेत ना पोलिसात, तूच सांगितलंवतंस मला फोनवर. हा बोलंल ते खरं असतंय म्हनून."

"हो."

तिने घडी पुन्हा उलगडली आणि नीट घालायला घेतली. "मी म्हनले खरं," ती म्हणाली. "पन मला वाटलं, तू न्हाई म्हनशील."

एवढं बोलून ती घडीच्या कडा जुळवत बसली. पंचेचाळीस वर्षांत मला आईने मारलंय, झोडपलंय, गावासमोर बोललीय. पण त्या एका वाक्याने जी लाज वाटली, ती कशाने वाटली नव्हती. तिने माझ्यासाठी एक पाऊल पुढे टाकलं होतं, ते मी तिला मागे ओढीन या खात्रीने. मी तिला तिथेच उभी केली, आणि दुभाषी होऊन तिच्या मागे लपलो.

सकाळी मी शेजाऱ्यांकडे जायला निघालो तर आई शाल पांघरून दारात उभी. "मी बी येते."

"तुला काय कळणार आहे, आई? सगळं इंग्रजीत बोलायचंय."

"विंग्रजी कळत न्हाई, पन तुझं तोंड कळतंय मला," ती म्हणाली, आणि माझ्या आधी पायऱ्या उतरली.

शेजाऱ्यांनी दार उघडलं, आईला बघून तिला शेगडीजवळची खुर्ची दिली आणि केटल चढवली. मला बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं. काडतूस मी भरलं, सगळ्यांना दाखवायला भरलं, विसरलो, आणि आईच्या अंगावर ढकललं. बोलता बोलता फेझंटचंही सांगून टाकलं, त्याचा काही संबंध नव्हता तरी. आई माझ्याकडे टक लावून बघत होती.

त्यांनी आईच्या हातात चहाचा कप दिला, तिने तो दोन्ही हातांनी नीट धरेपर्यंत थांबले, आणि मग माझ्याकडे न बघता बोलले. काही वेळ. सावकाश. मग उठून खिडकीशी गेले.

"सांगितलंस?" आईने विचारलं.

"सांगितलं."

"समदं?"

"सगळं."

"मग काय म्हनले ते?"

मला क्षणभर वाटलं, थोडं सौम्य करून सांगावं. म्हातारी आहे, पाहुणी आहे, पंधरा दिवसांनी परत जायचीय. मग मी खाली तिच्या खुर्चीशी बसलो आणि ते जसं बोलले होते तसंच सांगितलं.

"ते म्हणाले, खिडकीत तुझी मुलगी होती, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, बंदूक आज तू स्वतः गार्डांकडे नेऊन दे. मीही त्यांना फोन करणार आहे. हा माणूस जे बोलतो ते तसंच असतं, असं मी सांगितलं होतं. ते चुकीचं होतं, असं मला त्यांना सांगावं लागेल."

आईने मान हलवली. "बरोबर हाय," ती म्हणाली, आणि चहाचा घोट घेतला.